आहेराची वही कोण लिहितो?

सांगलीकडच्या एका वाचकाने विचारलं आहे : पूरग्रस्तांसाठी येणारी मदत ब्लॉकचेनवर नोंदवली, तर मधली गळती थांबेल का?

प्रश्न हवेतला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने २०१७मध्ये जॉर्डनमधल्या अझराक छावणीत हा प्रयोग केला. सीरियन निर्वासित दुकानात यायचे, बुबुळ स्कॅन व्हायचं, किराण्याची रक्कम वळती व्हायची आणि नोंद ब्लॉकचेनवर चढायची. बँकांचं शुल्क त्यामुळे बरंच वाचलं. पण साखळी खासगी होती आणि ती चालवणारी संस्थाही तीच. मग साधा डेटाबेस का नको, ही टीकाकारांची शंका मला बिनतोड वाटते.

शिवाय तिथे वाटायचे होते पैसे. पुरात येतो तो माल, आणि मालाचं गणित वेगळं असतं.

लग्नात मांडवाच्या तोंडाशी एक काका आहेराची वही घेऊन बसतात. त्यांनी पाचशे एकच्या जागी एकावन्न लिहिले, तर त्या वहीच्या दहा घरी दहा प्रती ठेवून उपयोग काय? दहाही ठिकाणी एकावन्नच राहणार, आणि तेही कुणाला खोडता न येणारे! ब्लॉकचेन म्हणजे अशीच दहा प्रतींची वही; ती नोंद जपते. पाकिटात डोकावण्याचं काम काकांचंच.

या काकांअभावी काय होतं, ते आर्मेनियाने पाहिलं. ७ डिसेंबर १९८८च्या भूकंपात सुमारे पंचवीस हजार माणसं गेली. जगभरातून औषधं आणि वैद्यकीय साहित्य आलं, किमान पाच हजार टन. वेगवेगळ्या भाषांतली लेबलं, वेगवेगळी ब्रँडनावं, एकाच खोक्यात सतरा प्रकार. काय आलंय हे समजायलाच महिने गेले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नंतर आलेल्या अभ्यासानुसार सहज वापरता येण्याजोगी औषधं जेमतेम ३० टक्के होती, आणि २० टक्के शेवटी नष्ट करावी लागली. यात चोरी कुठेच नाही. सगळं सद्भावनेनं आलेलं.

असले ढिगारे लॅटिन अमेरिकेच्याही ओळखीचे होते. पॅन अमेरिकन आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सुमा’ नावाची पद्धत उभी केली. संघटनेच्या आपत्ती विभागाचे प्रमुख होते क्लॉड द व्हिल द गोये. आपत्तीबद्दलच्या गोड गैरसमजुतींवर, म्हणजे ‘काहीही पाठवा, उपयोगी पडेल’ यावर, हा डॉक्टर वर्षानुवर्षं लिहीत राहिला. तंत्रज्ञानाच्या कौतुकसोहळ्यात त्याचं नाव क्वचितच येतं, याचं मला वाईट वाटतं.

‘सुमा’चं सॉफ्टवेअर साधं होतं. खरी करामत त्याच्या जागेत होती. विमानतळावर, बंदरात, सीमेवर, जिथे माल देशात शिरतो तिथेच प्रशिक्षित माणसं बसत. कुणी पाठवलं, काय, किती, मुदत केव्हाची, हे टिपायचं आणि लगेच वर्गवारी करायची : आत्ता लागणारं, नंतर लागणारं, बिनकामाचं. मग याद्या मध्यवर्ती कक्षात एकत्र होत आणि गोदामांचा हिशेब त्यांना जोडला जाई. माणसं त्याच देशातली असत, आपत्तीच्या आधीच शिकवून ठेवलेली. १९९८च्या मिच चक्रीवादळात मध्य अमेरिकेत ही पद्धत वापरली गेली.

तेव्हा वाचकमित्राला माझं उत्तर असं : ब्लॉकचेन नंतर बघू. आधी तालुक्याच्या गोदामाच्या दारात खोका उघडून मुदत वाचणारी चार माणसं हवीत, आणि त्यांचं प्रशिक्षण मे महिन्यातच उरकायला हवं. त्यांची यादी रोज संध्याकाळी चावडीवर लागली, तर ती एक्सेलमध्ये केलेली असली तरी चालेल.