दिवाळीत हाताला लागलेली गाठ

माझ्या आत्याच्या हाताला गाठ लागली ती नरकचतुर्दशीच्या पहाटे. तेल-उटणं लावताना डाव्या स्तनाच्या वरच्या अंगाला, काखेकडे, सुपारीएवढं काहीतरी टणक लागलं. दुखत नव्हतं. घरात सोयाबीनची रास व्हायची होती, पुढे ज्वारी, मग धाकटीचं लग्न. संक्रांतीला वाण द्यायला आलेल्या जावेला तिनं सहज सांगितलं, तर ती म्हणाली, ‘दूध साकळलं असंल.’ आत्याचं शेवटचं बाळंतपण होऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती. पाडव्याच्या सुमारास ती तालुक्याच्या एका दवाखान्यात गेली. तिथे नुसतं ऐकून घेऊन पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि शेक घ्यायला सांगितलं. आषाढी एकादशी झाल्यावर माझ्या आईनं तिला हट्टानं शहरात नेलं. तोवर गाठ लिंबाएवढी झाली होती, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसत होती आणि काखेतही दोन गाठी लागत होत्या. केसपेपरवर लिहून आलं, तिसरा टप्पा, ‘ब’. नातेवाइकांत मग वर्षभर एकच वाक्य फिरत राहिलं : ‘तिनं अंगावर काढलं.’

हे वाक्य खोटं आहे असं मला वाटतं, आणि त्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

आधी टप्प्यांचं थोडं सांगते. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत असेल आणि काखेत काही नसेल तर पहिला टप्पा. गाठ मोठी झाली किंवा काखेतल्या ग्रंथींपर्यंत आजार पोचला की दुसरा. गाठ कातडीला किंवा छातीच्या भिंतीला चिकटली, काखेतल्या ग्रंथी एकमेकींत गुंतल्या की तिसरा. आणि हाडं, फुप्फुस, यकृत, मेंदू यांपैकी कुठेही आजार गेला की चौथा. तिसरा आणि चौथा हे मिळून ‘उशिराचे टप्पे’. पहिल्या टप्प्यातल्या बहुतेक बाया बऱ्या होऊन वर्षानुवर्षं जगतात. चौथ्यात उपचार असतात, पण ते आजार आवरून धरण्यासाठी. आत्याची गाठ दिवाळीत सुपारीएवढी होती. त्या आठवड्यात कुणी सुईनं तुकडा काढून तपासला असता, तर केसपेपरवर बहुधा वेगळा आकडा आला असता.

देशाचं चित्र असं. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होतो आणि सुमारे ९८ हजार त्यानं दगावतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या अहवालात, रुग्णालयांत नोंदलेल्या रुग्णांपैकी ५७ टक्क्यांचा आजार निदानाच्या वेळीच स्तनाबाहेर, आसपासच्या भागात पसरलेला होता. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्यांत पाच वर्षं जगण्याचं प्रमाण अमेरिकेत ९० टक्के होतं, आपल्याकडे ६६. या तफावतीत उपचारांचा वाटा आहेच, पण दवाखान्यात पोचायच्या वेळेचा वाटा फार मोठा आहे.

पण देशाच्या सरासरीतून गावाचं काही कळत नाही. आणि गावाचं काढायला गेलं की पहिल्याच पायरीला एक घोळ होतो. समजा, एका तालुक्यात एक लाख बाया आहेत, वर्षाला बारा जणींना हा आजार होतो आणि त्यातल्या सात जणी उशिराच्या टप्प्यात येतात. शहराच्या एका भागातही एक लाख बाया आहेत, तिथे चौतीस जणींना होतो आणि चौदा उशिरा येतात. आता वाईट कुठे? लाखामागे मोजलं तर शहर दुप्पट वाईट, कारण चौदा विरुद्ध सात. आजारी पडलेल्यांपैकी किती उशिरा आल्या, असं मोजलं तर तालुक्यात ५८ टक्के, शहरात ४१. दोन्ही आकडे खरे आहेत, पण प्रश्न वेगळे आहेत. पहिल्यातून एकूण ओझं कळतं आणि खाटा किती लागतील याचा हिशेब करता येतो. बाईच्या हाताला गाठ लागल्यापासून निदानापर्यंतची वाट त्या जागी किती खडतर आहे, हे दुसऱ्यातून कळतं. बातम्यांत ही दोन्ही मापं एकमेकांत मिसळलेली मी अनेकदा वाचली आहेत, आणि मग ‘खेड्यात हा आजार कमीच’ असा दिलासा घेऊन सगळे मोकळे होतात. आजार कमी, हे खरं. मुंबईच्या मानानं ग्रामीण बार्शीतला दर निम्म्याहूनही कमी राहिला आहे. पण ज्या थोड्या जणींना होतो, त्यांचं पुढे काय होतं?

शिवाय बारा हा आकडाच इतका लहान की एखाद्या वर्षी दोन बाया जास्त उशिरा आल्या तरी टक्केवारी उसळी घेते. म्हणून तालुक्याचा नकाशा रंगवायचा तर चार-पाच वर्षांचे आकडे एकत्र घ्यावे लागतात. आणि मुळात आकडे हवेत. परिषदेच्या त्याच अहवालात लोकसंख्येवर आधारलेल्या २८ कर्करोग नोंदण्या होत्या आणि त्यांत देशाची जेमतेम दहा टक्के लोकसंख्या येत होती. बाकीच्या नकाशावर रंग भरायला माहितीच नाही. निदान न होता गेलेली बाई तर कुठल्याच टप्प्यात मोजली जात नाही.

या बाबतीत आपल्याकडे एक मोठं काम झालं आहे. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ ची, देशातली पहिली. शहरात नोंदणी करणं त्या मानानं सरळ असतं : रुग्णालयं, प्रयोगशाळा, मृत्यूचे दाखले धुंडाळायचे. १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण नोंदणी सुरू झाली तेव्हा ही रीत उपयोगाची नव्हती, कारण आजारी बाई रुग्णालयापर्यंत येतच नव्हती. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं निवडली. नोंदणीचे लोक गावोगाव हिंडले, पारावर, शाळेत बैठका घेतल्या, कोणती लक्षणं दिसली की दाखवायचं ते सांगितलं, संशयित रुग्णांना बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात तपासणीला आणलं. हेतू फक्त मोजण्याचा होता. पण काही वर्षांनी डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे आकडे तपासले तेव्हा बाया आता आधीच्या टप्प्यात येऊ लागल्याचं दिसलं. जगण्याचं प्रमाणही सुधारलं होतं. नवं यंत्र आलं नव्हतं, नवं औषध आलं नव्हतं. कुणीतरी नियमित गावात येऊन विचारत होतं, एवढंच. मोजायला गेलेल्या माणसांनी मोजता मोजता आकडाच बदलला, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

गावाकडच्या बाया लाजतात, तपासणीला येत नाहीत, असं शहरात सर्रास बोललं जातं. त्याच बार्शीच्या रुग्णालयाच्या साथीनं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या, सगळ्या खेड्यांतल्या. ज्यांना बोलावलं त्यांतल्या बहुतेक जणी आल्या. गर्भाशयमुखाची तपासणी स्तनाच्या तपासणीपेक्षा कितीतरी अवघड, तरी आल्या. कारण गावातच सोय केली होती, तपासायला बाईमाणूस होतं आणि पैसे लागत नव्हते.

आता मुंबईकडे या. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून उभं आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं तिथे येतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात, जागा नसली तर फुटपाथवर पथारी टाकतात. मग जिच्या घरापासून हे रुग्णालय लोकलनं अर्ध्या तासावर आहे, ती तरी वेळेत पोचत असेल ना? टाटाच्याच डॉ. इंद्रनील मित्र आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या गरीब वस्त्यांत एक चाचणी सुरू केली. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया, वस्त्यांचे वीस गट. दहा गटांत दर दोन वर्षांनी हातानं स्तनतपासणी, बाकीच्या दहांत फक्त माहिती. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये बाहेर आला. तपासणी न झालेल्या वस्त्यांत निदान झालेल्यांपैकी ४७ टक्के स्त्रिया तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात होत्या. तपासणी झालेल्या वस्त्यांत ३७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या आजारानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. सगळी वयं धरली तर घट १५ टक्क्यांची, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती पक्की ठरली नाही, हेही सांगायला हवं.

या ४७ टक्क्यांपाशी मी बराच वेळ थांबले होते. टाटा रुग्णालय ज्या शहरात आहे त्या शहराच्या गरीब वस्त्यांत जवळपास निम्म्या बाया उशिरा पोचत होत्या, तर अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात काय अर्थ आहे? धारावी ते परळ हे अंतर एका अर्थी बालाघाटाच्या डोंगरातून सोलापूरइतकंच लांब असू शकतं. शिकागोतही हेच दिसलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या काळ्या आणि गोऱ्या स्त्रियांचा या आजारानं होणारा मृत्युदर जवळपास सारखा होता. पुढे उपचार आणि मॅमोग्राफी सुधारत गेली, गोऱ्या स्त्रियांचा दर खाली आला, काळ्या स्त्रियांचा आला नाही. २००३ मध्ये तो ६८ टक्क्यांनी जास्त होता. शहर तेच, पण दक्षिण आणि पश्चिम भागात चांगली तपासणी केंद्रं कमी होती आणि एका ठिकाणचा रिपोर्ट दुसरीकडे पोचेपर्यंत दिवस जात होते.

आजाराची जातही सगळीकडे सारखी नसते, हे मान्यच केलं पाहिजे. आपल्याकडे हा कर्करोग पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा सुमारे दहा वर्षं लवकर गाठतो आणि झपाट्यानं वाढणाऱ्या प्रकाराचं प्रमाणही जास्त आहे. काही गाठी खरोखरच काही महिन्यांत हाताबाहेर जातात. पण शेजारशेजारच्या वस्त्यांमधला दहा टक्क्यांचा फरक गाठीच्या जातीनं पडत नाही.

तो पडतो वाटेतल्या पायऱ्यांनी. गाठ लागते, दुखत नाही म्हणून राहते. ‘दुखत न्हाई का खुपत न्हाई, मग कशाला दवाखान्याचा खेटा?’ हे आत्याचंच वाक्य. मग घरात कुणाला तरी सांगायचं. मग जवळचा डॉक्टर, जो बहुधा पुरुष असतो आणि संकोचानं हात न लावताच गोळ्या लिहितो. कधी छोट्या दवाखान्यात गाठ ‘काढून टाकतात’ आणि ती तपासायला पाठवतच नाहीत. सहा महिन्यांनी ती पुन्हा वर आली की मग शहर आठवतं. सोनोग्राफी एका गावी, मॅमोग्राफी दुसऱ्या, सुईनं काढलेला तुकडा तिसऱ्याच शहरात. दर खेपेला एक दिवसाची मजुरी, सोबतीच्या माणसाची मजुरी, एसटीचं भाडं. निदान झालं की महात्मा जोतिराव फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार शोधायचं, आणि त्यावर नाव माहेरचं की सासरचं यावर अडायचं. योजनेत उपचार फुकट आहेत आणि त्यानं हजारो घरं वाचली आहेत. पण ती सुरू होते निदानापासून, आणि आत्याचे नऊ महिने गेले ते निदानाच्या आधी.

कागदावर या आधीच्या वाटेचीही सोय आहे. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय आराखड्यानुसार तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक स्त्रीची पाच वर्षांतून एकदा स्तनतपासणी व्हायला हवी. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत अशी तपासणी कधी तरी झालेल्यांचं देशातलं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी निघालं.

आत्या आधी केमो, मग शस्त्रक्रिया आणि मग रेडिएशन असं सगळं पार करून आज घरी आहे, गोळी चालू आहे. धाकटी, जिच्या लग्नापायी ते महिने गेले, तिला यंदा तीस पूर्ण झाली. मागच्या महिन्यात मी तिच्या सासरी होते तेव्हा आशाताई फॉर्म घेऊन आल्या. ओसरीवर सासरे पेपर वाचत होते, दीर मोटारसायकल पुसत होता. आशाताईंनी उंबऱ्यातच एकेक प्रश्न वाचला. तंबाखू? नाही. तोंडात चट्टा? नाही. स्तनात गाठ? धाकटीनं ओसरीकडे पाहिलं आणि म्हणाली, नाही. आशाताईंनी खूण केली, फॉर्म पिशवीत घातला, आणि मग तिला पाणी मागायच्या निमित्तानं आत, चुलीपाशी घेऊन गेल्या. दोघी बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. गुरुवारी उपकेंद्रावर जायचं ठरलं होतं. मी सोबत गेले. नर्सबाईंनी खोलीच्या दाराला जुनं लुगडं खिळ्यांनी ठोकून पडदा केला होता. बाहेरच्या बाकावर आमच्या आधी अकरा जणी बसलेल्या होत्या.