सूत्राची पारख

अर्थशास्त्रज्ञाची थोरवी कशावरून ठरवावी? ग्रंथांच्या संख्येवरून, की परिषदांतून होणाऱ्या उल्लेखांवरून? सरकारी पैशाच्या वाटपाचे गणित बसविणाऱ्या अभ्यासकाला ही मोजमापे पुरत नाहीत. त्याचे गणित बहुधा साधेच असते. त्रैराशिक जाणणाऱ्यालाही ते उमगावे. पण कोणत्या गावाला रस्ता मिळणार आणि कोणत्या गावाने वाट पाहावयाची, हे त्यावर अवलंबून असते.

धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले डॉ. डी. एम. नंजुंडप्पा यांचे कार्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 1956 साली मुंबई, हैदराबाद, म्हैसूर इत्यादी राज्यांतील कन्नड मुलूख एकत्र आले, तेव्हा त्यांची सुस्थिती सारखी नव्हती. आपली उपेक्षा होते, ही उत्तरेकडील तक्रार हुबळी-धारवाडात पुढेही वर्षानुवर्षे ऐकू येत राहिली. 2000 साली नंजुंडप्पा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व 2002 मध्ये तिचा अहवाल आला.

समितीने प्रत्येक तालुका 35 निकषांवर तपासला. राज्याची सरासरी 1 धरून तालुक्याचा निर्देशांक काढला. 0.89 ते 1 च्या आतला तो मागास, 0.80 ते 0.88 अधिक मागास, त्याखालचा अतिमागास. 175 पैकी 114 तालुके मागास ठरले; त्यांत 39 अतिमागास होते. विशेष म्हणजे त्या 114 पैकी 55 दक्षिणेकडील निघाले. तक्रार खरी ठरली, पण ती केवळ उत्तरेची उरली नाही. 8 वर्षांत 31,000 कोटी रुपये खर्चावेत, अशी शिफारस झाली.

येथे एक खोच आहे. समजा, एका तालुक्याची शिक्षणातील पातळी 1.2 व सिंचनातील 0.6 आहे. दोहोंना सारखे महत्त्व दिले तर सरासरी 0.9 येते, तालुका मागास. सिंचनाला दुप्पट महत्त्व दिले तर तीच 0.8 होते, तालुका अधिक मागास! शेतात पाण्याचा एक थेंब वाढलेला नाही की घटलेला नाही. कशाला किती महत्त्व द्यावयाचे, हा निर्णय अभ्यासकाच्या विवेकाचा असतो, आणि त्याची खरी कसोटी तेथेच लागते.

मराठी वाचकांना हा मार्ग परका नाही. केंद्राची मदत राज्यांना वाटण्याचे धनंजयराव गाडगीळ यांचे सूत्र 1969 साली आले. त्यात 60 टक्के वाटा लोकसंख्येनुसार होता. 1984 सालच्या दांडेकर समितीने महाराष्ट्राचा अनुशेष जिल्हावार मोजला. नंजुंडप्पा तालुक्यापर्यंत उतरले, ही त्यांची पुढची पायरी. जिल्ह्याच्या सरासरीत एखादा समृद्ध तालुका शेजाऱ्याचे दारिद्र्य झाकून टाकतो.

अर्थात तालुक्याची सरासरीही झाकाझाक करतेच. हुबळीसारख्या व्यापारी पेठेतील बँका, दवाखाने व शाळा हिशेबात धरल्या की आसपासच्या खेड्यांची पातळीही कागदावर उंचावते. शिवाय सूत्र पैसा वाटू शकते, खर्चू शकत नाही. विशेष विकास योजना प्रत्यक्षात सुरू झाली ती 2007-08 पासून, म्हणजे अहवालानंतर पाच वर्षांनी. या दिरंगाईचा दोष गणिताच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.

मात्र हे गणित तपासता येण्याजोगे होते, ही त्याची मोठी जमेची बाजू. आपला तालुका कोणत्या निकषावर मागे पडला, हे आमदाराला सभागृहात विचारता येऊ लागले. नंजुंडप्पा 2005 साली निवर्तले. त्यांच्या मागे नवे तालुके निर्माण झाले, जुनी क्रमवारी शिळी झाली. 2024 साली कर्नाटक सरकारने प्रादेशिक असमतोलाची पुनर्तपासणी करण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ एम. गोविंद राव यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा समिती नेमली. नंजुंडप्पांच्या शिफारशींनी कोणत्या तालुक्यात किती फरक पडला, हे पाहिल्यावाचून त्या समितीचे काम पुढे सरकण्यासारखे नव्हते.