जुनं रीळ, नवं गिऱ्हाईक

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींच्या माळ्यावर किंवा दाराआड गळाचा एखादा रॉड धूळ खात पडला आहे? किनाऱ्यावरच्या गावांत राहणाऱ्यांना हे विचारायलाच नको. यजमानांना नाहीतर दिरांना गरवायचा नाद लागतो, हजारो रुपये मोजून रॉड आणि रीळ घरात येते, दोन हंगाम जेटीवर रात्री जागवल्या जातात. मग बदली होते, कंबर धरते, नाहीतर नाद आपोआप सुटतो. सामान तेवढे मागे राहते. रत्नागिरीत शाळेतली अर्धवेळ नोकरी सांभाळून मी असे जुने सामान घेते, तपासते, स्वच्छ करते आणि विकते. "बाईमाणसाने गळ विकायचे?" असे सासूबाई सुरुवातीला म्हणाल्या होत्या. आता गिऱ्हाईक आले की चहा त्याच टाकतात!

या सामानाचा खरा वैरी म्हणजे मीठ. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते ना, तसेच रिळाच्या पोटात होते. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे आत सुकतात, हवेतला ओलावा ओढतात आणि अ‍ॅल्युमिनियम व पोलाद जिथे एकमेकांना लागून असतात तिथे धातू खायला सुरुवात होते. म्हणून वरची चकाकी बघून भाव ठरवू नका. फिरकी काढा आणि खाली बघा. पांढरी भुकटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते आहे, हिरवट डाग म्हणजे पितळ. भुकटी पुसून निघाली तर ठीक. खाली खड्डे पडले असतील तर मी ते रीळ परत हातात देते.

मग मूठ फिरवायची, पण अगदी सावकाश. जोरात फिरवले की खराब रीळसुद्धा गोड लागते, आणि विकणारा नेमके तसेच फिरवून दाखवतो. डोळे मिटून हळू फिरवा. रव्यात खडा लागावा तशी खरखर जाणवली तर बेअरिंग गेले समजा. तारेची कमान उघडून मिटा, ती खट्‌कन बसली पाहिजे. कमानीच्या टोकाला दोऱ्यासाठी छोटी गिरकी असते, ती नखाने फिरते का पाहा. मिठाने सगळ्यात आधी तीच अडकते, आणि अडकलेल्या गिरकीवर घासून चांगला दोरा फुकट जातो. मूठ उलटी फिरवून बघा. मध्ये सैलपणा नको.

ड्रॅग मात्र नीट समजून घ्या, कारण सगळा पैसा तिथे आहे. मोठा मासा ओढू लागला की दोरा तुटण्याआधी फिरकीने तो थोडा थोडा सोडायचा असतो. ते काम ड्रॅगच्या चकत्यांचे. दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण चौथा ते तिसरा हिस्सा एवढ्या ओढीवर ड्रॅग सुटावा असा तो लावतात. म्हणजे दोरा १० किलोचा असेल तर अडीच ते तीन किलोवर. रद्दी मोजायचा टांगता काटा घ्या, दोरा त्याला बांधा आणि ओढा. काटा एका जागी टिकून दोरा सरसर सुटला तर उत्तम. काटा चढतो, मग धक्क्याने खाली येतो, पुन्हा चढतो, असे झाले तर चकत्या चिकटल्या आहेत. असले रीळ जिताड्याच्या पहिल्याच झटक्याला दोरा तोडते.

रॉडच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे आतली चिनी मातीची कडी तडकलेली आहे. डोळ्यांना ती तड दिसतही नाही. सांध्याजवळ आणि शेंड्याकडे नख फिरवा. एकाच जागी ताजे वार्निश दिसले तर आधी शंका घ्या. मला एकाने असा रॉड "नवाकोरा, वहिनी" म्हणून दाखवला होता. वार्निशखाली केसाएवढी भेग होती. शेंडा हाताने वाकवून परीक्षा करू नका, त्याने धडका रॉडही मोडतो. दोरा सगळ्या कड्यांतून घेऊन पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीला बांधा आणि हळूहळू उचला. कड्‌कड्‌ आवाज आला की थांबा.

धुण्याबद्दल थोडेसेच. ड्रॅग घट्ट करून नळाच्या बारीक धारेखाली. जोराचा फवारा नको, तो मीठ आतच ढकलतो. सुकल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा. गिरकीला आणि मुठीला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. खोबरेल नको, ते थंडीत गोठते. ड्रॅगच्या चकत्यांना तेल लागू देऊ नका. जुना तंगूस उन्हाने कमकुवत झालेला असतो, तो काढूनच टाका.

नावाला फार भुलू नका. पेन ही १९३२ साली फिलाडेल्फियात निघालेली कंपनी, शिमानो १९२१ सालची जपानी. दोघींची महाग तशी स्वस्त रिळेही आहेत. सुटे भाग मिळतात का, हे आधी विचारा. समजा रीळ दोन हजाराला घेतले, बेअरिंगला तीनशे गेले, दोऱ्याला चारशे, तर तीन हजाराला विकून तुमच्या मेहनतीचे तीनशेच उरतात. हा हिशेब घेण्याआधी करायचा.

मागच्या वर्षी ओळखीतल्या एक बाई पिशवीत तीन रिळे घेऊन आल्या. यजमान जाऊन आठ महिने झाले होते. भंगारवाल्याने तिन्हींचे मिळून पाचशे सांगितले होते. मी त्यांच्यासमोरच फिरक्या उघडल्या. एक पार गेलेले, एक बरे, आणि एक पेनचे, इतके जपलेले की आत मिठाचा कण नाही. तेवढ्यात घ्यायचे म्हटले असते तर त्यांनी दिलेही असते. मी ते विकत घेतलेच नाही. गिऱ्हाईक शोधून दिले, माझे म्हणून शंभराला दहा ठेवले. त्यांना साडेपाच हजार मिळाले. बरे रीळ त्यांनी परत नेले, मुलगा मोठा झाला की वापरील म्हणून.

आणि हो, विकताना दोष आपणच आधी सांगा, कागदावर लिहूनच द्या. छोट्या गावात तेच गिऱ्हाईक पुन्हा भेटते. घरात लहान मुले असतील तर आलेल्या सामानातले गळ पहिल्यांदा काढून झाकणाच्या डब्यात घाला. जुन्या रॉडच्या मुठीला एखादा हमखास टोचून ठेवलेला असतो.