बालकाची बुद्धी : बीज आणि भूमी

‘खाण तशी माती’ ही म्हण मुलांच्या बुद्धीविषयी बोलताना सहज उच्चारली जाते. तिच्यात मुळीच तथ्य नाही असे नव्हे. परंतु तिचा उपयोग बहुधा विचार थांबविण्याकडेच होतो. बदलापूरनजीकच्या चामटोली परिसरातील एखाद्या कातकरी वाडीतले मूल बालवाडीत काही महिने गप्प बसले, तर ते उपजतच मंद असल्याचा निर्णय देण्यास वेळ लागत नाही. वस्तुतः भाषा शिकण्याची शक्ती मनुष्यमात्रास जन्मतः लाभते; कोणती भाषा शिकावयाची, हे मात्र सर्वस्वी भोवतालच ठरवितो. घरी कातकरी बोली ऐकलेल्या मुलाची प्रमाण मराठीत परीक्षा घेतल्यास मोजली जाते ती बुद्धी नव्हे, परिचय.

जनुकाचा परिणाम अटळ असतो, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. फिनाइलकीटोन्यूरिया हा विकार केवळ जनुकदोषाने होतो. प्रथिनांतील फेनिलअ‍ॅलनिन या घटकाचे शरीरात रूपांतर न झाल्याने तो साठून मेंदूस इजा पोहोचते. नॉर्वेतील फॉलिंग यांनी १९३४ साली हा विकार ओळखला. बिकेल व त्यांचे सहकारी यांनी १९५३ साली तो घटक अल्प असलेल्या आहाराचा उपचार प्रसिद्ध केला. जन्मानंतर लवकरच असा आहार सुरू झाल्यास बुद्धीची गंभीर हानी टळते. जनुक तोच, फळ निराळे!

आनुवंशिकतेचे प्रमाणही स्थिर नसते. अमेरिकेतील सात वर्षांच्या जुळ्या मुलांविषयी टर्कहायमर प्रभृतींनी २००३ साली दाखविले की, सुस्थितीतील कुटुंबांत बुद्ध्यंकातील फरक बव्हंशी आनुवंशिक, तर दरिद्री कुटुंबांत बव्हंशी परिस्थितिजन्य होते. नापीक जमिनीत बियाण्याचा कस कळत नाही, त्यातलाच हा प्रकार.

शिवाय ‘परिस्थिती’ जन्मापूर्वीच सुरू होते. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ साली आरंभिलेल्या माता-पोषण अभ्यासातील मुले नऊ वर्षांची झाल्यावर असे आढळले की, गरोदरपणी ब-१२ जीवनसत्त्व कमी असलेल्या मातांची मुले अवधान व अल्पकालीन स्मृती यांच्या काही चाचण्यांत मागे होती.

या प्रश्नाची व्यावहारिक बाजू पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातच हाताळली गेली होती. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली ते कार्य कोसबाडला गेले. मुले शाळेकडे येत नाहीत, तर शाळेने पाड्यावर जावे, अशी त्यांची दृष्टी होती. वर्ग अंगणात भरे. खडे, पाने, बिया हीच साधने. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले, आणि तेथे मुलाचा पूरक आहार व शिक्षण एकाच छपराखाली आले.