पाणी टाकणारी गाडी

टोयोटाच्या मिराई गाडीच्या मागून धूर येत नाही, पाणी ठिबकतं. गाडीत 5.6 किलो हायड्रोजन असतो, हवेच्या दाबाच्या जवळजवळ 700 पट दाबाखाली कोंबलेला, आणि टाकी भरायला पाचएक मिनिटं पुरतात. खरी गंमत आत आहे. प्लॅटिनमचा थर दिलेल्या पातळ पडद्यापाशी हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. प्रोटॉन पडद्यातून आरपार जातात. इलेक्ट्रॉनांना मात्र ती वाट बंद, म्हणून ते तारेतून वळसा घालतात. तो वळसा म्हणजेच वीज! पलीकडे ऑक्सिजन भेटला की पाणी तयार. याच यंत्राला फ्युएल सेल म्हणतात; ज्वाला नाही की पिस्टन नाही. विल्यम ग्रोव्ह यांना ही युक्ती 1839 च्या सुमारास सापडली, आणि अपोलो यानांतल्या अंतराळवीरांनी अशाच सेलमधून निघालेलं पाणी चक्क प्यायलं.

इतकं देखणं यंत्र पाहून कुणाचाही हात खिशाकडे जाईल. पण पैसे लावणाऱ्याने आधी विजेचा हिशेब मागावा. पाण्यातून 1 किलो हायड्रोजन काढायला साधारण 50 ते 55 युनिट वीज लागते; तो दाबून भरायला आणखी काही. त्या किलोवर मिराई अंदाजे 100 किलोमीटर जाते. तेवढ्याच विजेवर बॅटरीची चांगली मोटार 300 च्या आसपास किलोमीटर धावते. मधली वीज गेली कुठे? काही पाणी फोडताना, काही दाब देताना आणि उरलेल्यातली जवळपास निम्मी फ्युएल सेलमध्ये, उष्णता होऊन. तंत्र सुधारेल, पण विजेचा वायू आणि वायूची पुन्हा वीज करताना निसर्ग प्रत्येक नाक्यावर आपली दस्तुरी कापणारच.

तिकडे बॅटरीचं नवल वेगळंच. एक युनिट वीज साठवणाऱ्या लिथियम-आयन पॅकचा सरासरी भाव 2010 साली हजार डॉलरच्या वर होता. 2024 मध्ये तो 115 डॉलरवर आला. फोन, लॅपटॉप, मोटारी, सगळ्यांना तीच जात लागते, म्हणून कारखाने वाढत गेले आणि भाव पडत गेला. शिवाय प्लग घरात आधीच आहे. हायड्रोजनला आधी पंप हवा, आणि गाड्या नसतील तर पंप परवडत नाही. कॅलिफोर्नियातले आपले मोटारींचे हायड्रोजन पंप शेलने 2024 मध्ये बंद केले.

शेअर बाजाराला मात्र हिशेबापेक्षा नवल आवडतं. 2020 मध्ये हायड्रोजन ट्रकचं स्वप्न विकणाऱ्या निकोला कंपनीचं बाजारमूल्य, एकही ट्रक विकलेला नसताना, काही काळ फोर्डच्याही वर गेलं. पुढे कळलं की तिच्या व्हिडिओत धावणारा ट्रक उतारावरून सोडून दिलेला होता! फेब्रुवारी 2025 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

म्हणून हायड्रोजन बाद, असं मात्र नाही. नितीन गडकरी 2022 मध्ये मिराईत बसून संसदेत आले, त्याचा फोटो गाजला; माझ्या मते त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या वर्षी मंजूर झालेलं 19,744 कोटींचं हरित हायड्रोजन अभियान. खत कारखाने आणि तेल शुद्धीकरण प्रकल्पांना हायड्रोजन आजही लागतोच, पोलादालाही लागेल. तिथे बॅटरी शर्यतीतच नाही. सामना आहे तो नैसर्गिक वायूपासून काढलेल्या, बनताना कार्बन डायऑक्साइड ओकणाऱ्या पण स्वस्त हायड्रोजनशी.