जुनी पोर्श घेतलीत? आधी तेल तपासा

छत्रपती संभाजीनगर : ऑक्टोबर २०१० मध्ये एकाच वेळी सुमारे दीडशे मर्सिडीज खरेदी करणाऱ्या या शहराला जर्मन मोटारींचे आकर्षण नवे नाही. मात्र, १९९८ पर्यंतची, हवेने थंड होणारी पोर्श ९११ घेणाऱ्यांची पहिली चूक तेलाबाबत होते. या इंजिनाचे तेल वेगळ्या टाकीत साठते. इंजिन बंद असताना डिपस्टिक कोरडी दिसू शकते. घाबरून जादा तेल ओतल्यास ते एअर फिल्टरमध्ये शिरते व दाट धूर निघतो. त्यामुळे सपाट जागी, इंजिन पूर्ण तापल्यावर व सुरू असतानाच तेल मोजावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबरी पाइप खराब होतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळल्यास आगीचा धोका संभवतो. त्यामुळे पेट्रोलचा वास येताच गाडी थांबवावी आणि पाइप बदलल्याखेरीज चालवू नये.