घरीच असते!

"आमची ही काही करत नाही. घरीच असते."

ओट्यावर बसलेल्या भाऊंनी सांगितलं आणि मी वहीत लिहिलं, 'गृहिणी'. तेवढ्यात त्यांची 'ही' डोक्यावर कडवळाचा भारा घेऊन दारात आली!

आमच्या बचत गटात विषय निघाला होता, गावात खरंच किती जणांना काम नाही? इकडे रांजणगाव, तिकडे कुरकुंभ. दोन्हीकडे एमआयडीसी, त्यामुळे इथे कोण बेकार असणार, असं लोकांना वाटतं. माझं सासर शिरूर तालुक्यातलं, माहेर दौंड तालुक्यातलं. दोन्हीकडची एकेक वस्ती घेतली. बी.ए.ला अर्थशास्त्र होतं, म्हटलं त्यात काय अवघड! पण त्या भाऱ्यानं माझी वही बंदच केली.

मग सरकार कसं मोजतं ते वाचलं. केंद्राची श्रमशक्ती पाहणी २०१७पासून चालते. तालुक्याचा आकडा त्यातून निघत नाही, पण रीत कळते. आठवड्याच्या हिशेबात सात दिवसांत एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात. काम केलं नाही, पण शोधलं किंवा करायची तयारी होती, तर बेकार. यातलं काहीच नाही, तर श्रमशक्तीच्या बाहेर. बेकारीचा दर काढताना या बाहेरच्यांना धरतच नाहीत! घरच्या शेतात बिनपैशाचं राबणं काम ठरतं. स्वयंपाक, धुणीभांडी, लेकरं मात्र नाही.

पुन्हा गेले. या वेळी वहिनींनाच विचारलं, "गेल्या आठवड्यात काय काय केलं?" त्या बोटांवर मोजू लागल्या. रोजची धार, डेअरीला दूध, दोन दिवस घरची खुरपणी, तीन दिवस सावडीनं कांदालागण. "अगं बाई, हे पण काम व्हय?" म्हणून हसल्या. माझ्या वहीत त्या रोजगारात आल्या. हातात रुपया काही वाढला नाही.

देशातही असंच झालंय का, कोण जाणे. १५ वर्षांवरच्या ग्रामीण बायकांपैकी २०१७-१८मध्ये २४.६ टक्के श्रमशक्तीत होत्या, २०२३-२४मध्ये ४७.६ टक्के. देशातला बेकारीचा दर ६ वरून ३.२ टक्क्यांवर आला. पण काम करणाऱ्या बायकांत तिघींमागे एकीहून जास्त जणी घरच्या शेतीत वा धंद्यात बिनमोबदला मदतनीस आहेत. म्हणजे काम वाढलं, की नुसती नोंद वाढली?

माहेरी तर भाच्यानंच अडवलं. आयटीआय झालेला, कंपनीतलं कंत्राट संपलेलं. त्या आठवड्यात दोन दिवस चुलत्याच्या गुऱ्हाळावर गेला होता. नियमानं तो रोजगारात.

"आत्या, मला बेकारच लिही," तो तडकला. "दोन दिवस चुलवाणापुढं बसलो म्हणजे नोकरी लागली का?"

काय उत्तर देणार? वहीत आणखी एक रकाना आखला, 'अजून काम हवंय का?' भाच्याचं 'हो' पहिलं. वहिनींना परत जाऊन विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पायजे की! पण पैसा माझ्या हातात येईल असं."

भाऊ तिथेच बसले होते. "मग हिचं नाव कशात घातलं, ताई?"

मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी बराच वेळ पाहिली, काही बोलले नाहीत. वहिनी कासंडी घेऊन गोठ्याकडे निघाल्या होत्या. धारेची वेळ झाली होती.